स्केल मॉडेलचे पाय: लँडिंग गिअर ठरवताना आणि बसवताना

खऱ्या पायपर कब विमानाचा पंखविस्तार सुमारे १०.७ मीटर. त्याचं एक-षष्ठांश मॉडेल केलं की तो १.८ मीटरच्या आत येतो, साधारण ४५ सेंटिमीटरचं चाक साडेसात सेंटिमीटरचं होतं, आणि कागदावर सगळं प्रमाणात बसतं. मैदानातलं गवत मात्र कुणी सहाने भागत नाही. आपल्याला नीट कापलेलं वाटणारं चार सेंटिमीटरचं गवत या मॉडेलच्या लेखी चोवीस सेंटिमीटरचं असतं. त्यात चाकाची आस बुडते. ज्या खड्ड्यावरून आपण न बघता पाय टाकून जातो, तो या चाकाला गिळू शकतो.

स्केल लँडिंग गिअरची सगळी अडचण इथून सुरू होते. विमान लहान होतं, जमीन होत नाही. त्यामुळे ड्रॉइंगवरची मापं सहाने किंवा पाचाने भागून पाय तयार केले, तर ते शोकेससाठी ठीक असतात. उडवायचं असेल तर कुठे मापाशी प्रामाणिक राहायचं आणि कुठे गुपचूप फसवायचं, हे ठरवावं लागतं. हा लेख रेडिओवर उडणाऱ्या, दोन ते सहा-सात किलोंच्या मॉडेलांबद्दल आहे.

चाकं नेमकी कुठे

नवखे लोक पहिला प्रश्न तारेच्या जाडीचा विचारतात. त्याआधीचा प्रश्न जागेचा आहे: चाक जिथे जमिनीला टेकतं, तो बिंदू विमानाच्या गुरुत्वमध्याच्या पुढे किती किंवा मागे किती?

शेपटीला छोटं चाक असलेल्या विमानाला टेलड्रॅगर म्हणतात. कब, स्पिटफायर, मस्टँग, टायगर मॉथ ही सगळी त्यातली. यांची मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे असतात. विमान सपाट पातळीत धरा, गुरुत्वमध्यातून एक रेघ सरळ खाली सोडा, आणि दुसरी रेघ गुरुत्वमध्यापासून चाक टेकण्याच्या बिंदूपर्यंत ओढा. या दोन रेघांमधला कोन साधारण १५ ते २० अंश हवा. आपल्या कबचा गुरुत्वमध्य जमिनीपासून २४ सेंटिमीटर उंच आहे असं धरलं, तर १५ अंशांना चाक साडेसहा सेंटिमीटर पुढे येतं आणि २० अंशांना पावणेनऊ. या मॉडेलच्या पंखाची रुंदी पावणेसत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास असते आणि गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून साडेसात सेंटिमीटरवर येतो. म्हणजे चाक जवळजवळ पंखाच्या पुढच्या कडेखाली आलं. ‘टेलड्रॅगरची चाकं लीडिंग एजखाली’ हा जुन्या मॉडेलवाल्यांचा ठोकताळा यातूनच येतो.

कोन कमी पडला तर काय होतं? चाक साडेसात सेंटिमीटर पुढे आणि गुरुत्वमध्य २४ सेंटिमीटर वर असेल, तर साडेसाताला चोवीसने भागून ०.३१ येतं. गवताने चाकाला मागे ओढणारा जोर विमानाच्या वजनाच्या ३१ टक्क्यांच्या वर गेला की विमान तोंडघशी पडणार. एलेव्हेटर (शेपटीचा वर-खाली हलणारा आडवा भाग) वर ओढून धरला तर थोडी सवलत मिळते, पण वेग कमी झाला की एलेव्हेटरमध्येही जोर राहत नाही. म्हणून उंच पायाचं टेलड्रॅगर लँडिंगच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये, अगदी चालण्याच्या वेगाला, नाक टेकवून प्रोपेलर मोडतं.

मग चाकं अजून पुढे का नेऊ नयेत? कारण टेलड्रॅगर मुळातच जमिनीवर अस्थिर आहे. दोन चाकांची गाडी पुढून ओढली तर आपसूक सरळ येते; तीच मागून ढकलली की जरा कुठे वळली की वळतच जाते. टेलड्रॅगरमध्ये वजन चाकांच्या मागे असतं, म्हणजे ही ढकललेली गाडी आहे. नाक जरा डावीकडे गेलं की मागचं वजन सरळ पुढे जाऊ पाहतं आणि वळण वाढवतं. याची शेवटची पायरी म्हणजे जमिनीवरची गिरकी, जिला ग्राउंड लूप म्हणतात. चाकं जितकी पुढे, तितकी ही खोड जास्त. शिवाय टेकताना शेपूट खाली आपटते, पंखाचा कोन वाढतो आणि विमान परत हवेत उडी मारतं. १५ ते २० अंश ही तोंडघशी पडणं आणि गिरकी खाणं यांच्यामधली तडजोड आहे.

नाकाखाली चाक असलेल्या ट्रायसायकल गिअरमध्ये मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात, म्हणून ते जमिनीवर स्वभावतःच सरळ धावतं. इथेही १५ अंश हा चांगला सुरुवातीचा आकडा, फक्त मागच्या बाजूला. गुरुत्वमध्य २० सेंटिमीटर उंच असेल तर मुख्य चाकं ५.४ सेंटिमीटर मागे. नाकाचं चाक आणि मुख्य चाकं यांच्यात ४५ सेंटिमीटर अंतर असलं, तर नाकावर पडणारं वजन ५.४ भागिले ४५, म्हणजे १२ टक्के. ८ ते १५ टक्क्यांच्या मध्ये ठेवलं की बहुतेक वेळा निभतं. फार कमी झालं तर नाकाचं चाक वळवूनही विमान वळत नाही. फार जास्त झालं, म्हणजे मुख्य चाकं फार मागे गेली, तर एलेव्हेटरला नाक उचलताच येत नाही. विमान धावत राहतं, धावत राहतं, आणि एकदम उडी मारून सुटतं. नाकाचा पाय एवढाच लांब ठेवा, की उभ्या विमानाचा पंख जमिनीला समांतर किंवा जेमतेम वर कललेला दिसेल.

दोन चाकांमधलं अंतर हे स्केलवाल्यांचं खास दुखणं. पंखविस्ताराचा चौथा हिस्सा अंतर असलं की जमिनीवर सुख असतं. मस्टँगमध्ये पाय पंखात बाहेरच्या बाजूला अडकवलेले आणि आत दुमडणारे. चाकांमधलं अंतर सुमारे ३.६ मीटर. एक-षष्ठांशाला ६० सेंटिमीटर, म्हणजे पंखविस्ताराच्या ३२ टक्के. स्पिटफायरचा पंखविस्तार जवळजवळ तेवढाच, पण पाय पंखाच्या मुळाशी आणि बाहेर दुमडणारे. अंतर १.७ मीटरच्या आसपास. मॉडेलमध्ये २९ सेंटिमीटर, जेमतेम साडेपंधरा टक्के. मेसरश्मिट १०९ ची तीच तऱ्हा. तिथे पाय धडालाच जोडले होते, म्हणजे पंख काढले तरी विमान स्वतःच्या पायांवर उभं राहायचं. कारखान्याला आणि दुरुस्तीला ते सोयीचं होतं, पण वैमानिकांना जमिनीवर त्याची किंमत मोजावी लागली. मॉडेल अस्सल केलं की ही किंमतही वारशाने येते. पहिलंच लढाऊ विमान बांधणाऱ्याने स्पिटफायर निवडलं, की मी त्याला मस्टँगचा प्लॅन दाखवतो. कुणी ऐकत नाही, ते सोडा.

चाकं एकमेकांना समांतर हवीत की पुढून किंचित आत वळलेली, यावर मॉडेलवाल्यांचे वाद संपत नाहीत. बहुतेकांचा कल शून्य ते दीड-दोन अंश आत, याकडे असतो. माझ्या मते नेमक्या आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या असणं महत्त्वाचं. एक चाक सरळ आणि दुसरं दोन अंश बाहेर असेल, तर कितीही रडर (शेपटीचा डावी-उजवीकडे हलणारा उभा भाग) दिला तरी विमान एका बाजूला ओढणारच. दोन्ही चाकांना बाहेरून एकेक सरळ पट्टी टेकवा आणि पट्ट्यांमधलं अंतर पुढे व मागे मोजा; फरक लगेच दिसतो. मोजताना विमानाचं वजन चाकांवर असू द्या आणि शेपूट उचलून विमान सपाट धरा, कारण जोरात धावताना ते त्याच अवस्थेत असतं.

उंची

पायांची उंची दोन गोष्टी ठरवतात: प्रोपेलर जमिनीला लागू नये, आणि उभ्या टेलड्रॅगरचा पंख योग्य कोनात असावा. अमेरिकेतल्या लहान विमानांच्या जुन्या नियमांत टेलड्रॅगरला सपाट अवस्थेत प्रोपेलरच्या टोकाखाली किमान ९ इंच आणि नाकचाकाच्या विमानाला ७ इंच जागा मागितली होती. ९ इंचांचे एक-चतुर्थांश मॉडेलमध्ये पावणेसहा सेंटिमीटर होतात. तेवढी मिळाली तर उत्तम. लहान मॉडेलमध्ये तीन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, आणि गवतावर उडवणार असाल तर गवताची उंची वेगळी धरा.

लढाऊ विमानांत इथे एक सवलत मिळते. कॉर्सेअरचा प्रोपेलर ४ मीटरहून मोठा होता. एवढं मोठं चक्र जमिनीपासून वर ठेवायचं आणि पाय मात्र आखूड ठेवायचे, म्हणून त्याचा पंखच मुळाशी खाली वाकवला. एक-षष्ठांशाला तो प्रोपेलर ६७ सेंटिमीटरचा भरतो, आणि मॉडेलचं इंजिन सहसा त्याहून बराच लहान प्रोपेलर फिरवतं. म्हणजे जागा आपोआप उरते. बिजलीवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या छोट्या हौशी विमानांच्या मॉडेलांत उलट होतं: तिथे प्रोपेलर स्केलपेक्षा मोठाच लागतो, आणि पाय सेंटिमीटरभर लांब करावे लागतात. करा. इतक्या फरकाने कुणाच्याही डोळ्याला खुपत नाही. चाकाचा व्यास पाच-दहा टक्के वाढवला तरी तेच. गवतात त्याचा फायदा मात्र लगेच जाणवतो.

आपटण्याचं गणित

विमान टेकताना खाली येण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आहे असं धरू. हे काही भयंकर लँडिंग नव्हे. थोडं ढिसाळ म्हणता येईल एवढंच. हा वेग शून्य व्हायला पाय तीन सेंटिमीटर दबला, तर सरासरी जोर विमानाच्या वजनाच्या पावणेतीन पट होतो. पाय इतका ताठ आहे की तीनच मिलिमीटर दबला, तर तोच जोर अठरा पट. अडीच किलोच्या कबसाठी पहिला आकडा पावणेसात किलो आणि दुसरा पंचेचाळीस. आणि ही सरासरी. स्प्रिंगसारख्या पायात शेवटच्या क्षणाचा जोर साधारण याच्या दुप्पट असतो.

म्हणून ‘मजबूत’ पाय ही फसवी कल्पना आहे. जो पाय वाकत नाही, तो सगळा धक्का पुढे धडाला देतो, आणि धड बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं असतं. पायाने दबायचं असतं, आणि परत जागेवर यायचं असतं.

सगळ्यात स्वस्त आणि आजही सगळ्यात भरवशाचा पाय म्हणजे पियानो वायरचा, म्हणजे कडक पोलादी तारेचा. अडीच-तीन किलोपर्यंत ३ ते सव्वातीन मिलिमीटर, चार-पाच किलोला ४, त्यावर ५. सुरुवातीला एवढा अंदाज पुरतो. जाडी बदलताना एक लक्षात ठेवा: तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ मिलिमीटरऐवजी ४ वापरली तर तार सव्वातीन पटींच्या जवळपास ताठ होते, तर वाकून कायमची वेडीवाकडी व्हायला लागणारा जोर फक्त २.४ पट होतो. दुसऱ्या बाजूला, पाय २० टक्के लांब केला की त्याच जोराला तो पावणेदोन पट जास्त झुकतो. पाय थोडे लांब केल्यावर विमान अचानक फतकल मारून बसायला लागलं, तर कारण हे.

पंखातल्या पायासाठी एक जुनी, सुंदर युक्ती आहे. पंखाच्या खालच्या बाजूला कठीण लाकडाची पट्टी, तिच्यात तारेच्या जाडीची खाच. तार खाचेतून आडवी जाते आणि टोकाला काटकोनात वळून पट्टीतल्या उभ्या भोकात शिरते. खाली लटकणारा पाय मागे ढकलला गेला की खाचेतला आडवा तुकडा पिळला जातो आणि सोडल्यावर उलगडतो. खाचेतला भाग जितका लांब, तितका पाय मागच्या धक्क्याला मऊ. वरून दोन पातळ पट्ट्या स्क्रूने लावल्या की तार बाहेर पडत नाही. सगळं पंखाच्या जाडीत लपतं, आणि गवताची ओढ, जी इतर पायांना सगळ्यात जास्त छळते, ती इथे पिळातच जिरते.

तार वाकवताना घाई नको. व्हाइसच्या दातांचे ओरखडे तारेवर उमटतात आणि पुढे तिथूनच ती तुटते, म्हणून जबड्यांवर ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या घाला. तारेवर लांब पाइप सरकवून तो ओढा, म्हणजे वळण एका जागी येतं. वळणाची आतली त्रिज्या तारेच्या जाडीपेक्षा कमी होऊ देऊ नका. तार थोडी परत उघडते, तेव्हा हव्या त्या कोनाच्या जरा पुढेच वाकवा. गरम करून मुळीच वाकवू नका. लाल झालेली पियानो वायर म्हणजे साधा खिळा. कापायला साधी पक्कड वापरलीत तर पक्कडच जाईल. कटिंग डिस्क घ्या, डोळ्यांवर चष्मा घाला. आणि दुसरा पाय वाकवायला घेण्याआधी पहिला शेजारी ठेवून बघा: तो आरशातल्या प्रतिमेसारखा हवा. दोन्ही पाय डाव्याच बाजूचे तयार होणं ही या छंदातली इतकी नेहमीची घटना आहे, की तिची गंमतही उरलेली नाही.

दोन तारा जोडायच्या असतील, उदाहरणार्थ कबच्या त्रिकोणी पायात, तर पॉलिश पेपरने दोन्ही घासून चकचकीत करा, जोडावर बारीक तांब्याची तार दाट गुंडाळा आणि मग चांदीमिश्रित कथिलाचं डाखकाम करा. हे कथील २२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. त्याने तारेचं पाणी उतरत नाही. पितळेचं डाखकाम सहाशे अंशांच्या वर जातं आणि जोडाजवळची तार मऊ करून टाकतं. आम्लाचा फ्लक्स वापरला असेल तर नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. नाहीतर थोड्याच दिवसांत जोड गंजतो.

धडाला जोडणं

सेस्नासारखा एकसंध, पट्टीचा पाय दिसायला साधा असतो. ही कल्पना अमेरिकन विमानरचनाकार स्टीव्ह विटमन यांची. सेस्नाने तिचा भरपूर वापर केला. मॉडेलमध्ये तो ॲल्युमिनिअमचा किंवा कार्बन फायबरचा करतात. ॲल्युमिनिअम घ्यायचं तर स्प्रिंगसारखा गुण असलेलं कठीण मिश्रधातूचं घ्या. भांड्यांचा मऊ पत्रा पहिल्याच लँडिंगला पसरतो आणि पसरलेलाच राहतो.

हा पाय उभ्या धक्क्याला छान दबतो, पण मागे ओढला गेल्यावर जराही हलत नाही. इथे आकडे बघा. पाय धडाला जिथे बसतो, तिथून चाक १८ सेंटिमीटर खाली आहे. पाय बोल्टने धडाच्या पोटाशी लावलाय, आणि बोल्ट पायाच्या पट्टीच्या मागच्या कडेपासून ३ सेंटिमीटर पुढे आहेत. गवताने चाक मागे ओढलं की पट्टीची मागची कड वर धडात रुतते आणि पुढचा भाग खाली उचकटला जातो. तरफेचं गुणोत्तर १८ ला ३, म्हणजे सहा पट. दोन किलोची ओढ बोल्टपाशी बारा किलोंची होते. बोल्ट बाल्साला चिकटवलेल्या पातळ प्लायवुडमध्ये असतील, तर ते पोटाचा तुकडा घेऊनच बाहेर येतात.

उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करायचे. बोल्ट पट्टीच्या मागच्या कडेपासून जितके पुढे नेता येतील तितके न्या. पाय बसवण्याची फळी ६ मिलिमीटर बर्च प्लायवुडची घ्या, आणि ती धडाच्या पोटाच्या बाल्साला नव्हे तर पुढच्या-मागच्या फॉर्मरना (धडाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या चौकटींना) व दोन्ही बाजूंना अडकवा, कोपऱ्यांत त्रिकोणी काठ्या आणि इपॉक्सी भरून. टी-नट (लाकडात रुतणारे, पाकळ्यांचे नट) आतल्या बाजूने, म्हणजे बोल्ट ओढला की ते लाकडात रुततील, सुटणार नाहीत. तिसरं म्हणजे बोल्ट नायलॉनचे वापरा. हे तुटण्यासाठीच आहेत. खड्ड्यात चाक अडकलं की नायलॉन तुटतो, पाय निघून मागे पडतो, विमान पोटावर घसरतं, आणि तुमचं नुकसान दोन बोल्टांचं. सुरुवातीला ४ मिलिमीटरचे लावा. साध्या लँडिंगलाही तुटत असतील तर ५ चे लावा. पोलादी बोल्ट लावून ‘आता कधीच निघणार नाही’ असं म्हणणाऱ्याचा पाय खरंच निघत नाही, धड निघतं.

पंखातल्या पायाची पट्टीही एकाच रिबवर, म्हणजे पंखाच्या एकाच फासळीवर, सोडू नका. दोन रिब हव्यातच, तीन चांगल्या. त्या रिबना दोन्ही बाजूंनी प्लायवुड चिकटवा, आणि ते प्लायवुड मुख्य स्पारपर्यंत (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्यापर्यंत) न्या.

दिसण्याचं काय? खऱ्या कबमध्ये चाकांचे पाय मध्यभागी रबरी दोरखंडांनी ताणलेले असतात आणि त्यावर कापडी आवरण असतं. मॉडेलमध्ये त्या आवरणाच्या जागी आडवी नळी आणि आत कॉम्प्रेशन स्प्रिंग बसवता येते. पाय खरोखर खऱ्यासारखा काम करतो. बाकी ठिकाणी सरळ धोरण ठेवा: भार पियानो वायरने पेलायचा, आणि स्केल दिसणारं आवरण तिच्यावर नुसतं चढवायचं. पातळ प्लायवुड किंवा पत्र्याचं फेअरिंग तारेला एकाच टोकाला घट्ट करा आणि दुसरीकडे मोकळं सोडा. नाहीतर तार वाकते, फेअरिंग वाकत नाही, आणि पहिल्याच दिवशी रंगाला तडा जातो.

स्प्रिंग घातलेले ओलिओ पाय (नळीत नळी सरकून दबणारे) विकत मिळतात आणि दिसतात झकास. खऱ्या विमानात आत दाबलेला वायू आणि तेल असतं. वायू स्प्रिंगचं काम करतो, तेल उडी दाबून टाकतं. मॉडेलच्या बहुतेक पायांत तेल नसतं, म्हणून विमान चेंडूसारखं उसळतं. विमान उभं असताना पाय त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका खाली बसलेला असावा. जराही बसत नसेल तर स्प्रिंग फार कडक आहे, आणि मग तो ओलिओ नुसता दागिना. आत जाड ग्रीस भरलं की उसळणं थोडं कमी होतं.

दुमडणारे पाय

रिट्रॅक्ट, म्हणजे पाय दुमडणारी यंत्रणा, बसवताना लोकांची सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती कोनाची. पाय खाली असताना त्याची एक दिशा ठरलेली असते, आणि वर असताना पंखात दुसरी. या दोन रेघा ज्या एका सपाट पातळीत येतात, तिला काटकोनात बिजागरीची आस हवी. एवढं समजलं की बाकी सगळं जागेवर येतं. पुठ्ठ्याचा तुकडा पंखाशेजारी धरा, असा की त्याची एक कड खाली असलेल्या पायाच्या दिशेत आणि दुसरी वर गेलेल्या पायाच्या दिशेत बसेल. पुठ्ठ्यातून आरपार टोचलेली पेन्सिल म्हणजे तुमची आस. दोन कडांमधला कोन म्हणजे किती अंशांचं रिट्रॅक्ट मागवायचं ते.

तो कोन क्वचितच बरोबर ९० असतो. पंखाला ५ अंश डायहेड्रल आहे (तो टोकाकडे तेवढा वर उचललेला आहे) आणि पाय सरळ खाली आहे असं धरा. मस्टँगसारखा पाय आत दुमडतो तेव्हा पंख मुळाकडे खाली उतरत असतो, म्हणून ८५ अंशच फिरावं लागतं. स्पिटफायरसारखा बाहेर दुमडला तर पंख वर चढत जातो, तिथे ९५ लागतात. ९० चं युनिट स्पिटफायरमध्ये बसवलं की चाक पाच अंश बाहेर लोंबकळत राहतं.

कॉर्सेअर आणि पी-४० मध्ये पाय मागे जातात आणि जाताना चाक सुमारे ९० अंश स्वतःभोवती फिरून पंखात आडवं निजतं. त्यासाठी खास युनिट लागतं. घरी जुळवण्याच्या भरीस पडू नये. थंडरबोल्टचा पाय तर आत जाताना ९ इंचांनी आखडायचा. मॉडेलमध्ये हे करणारे आहेत, पण ते वेगळ्याच जातीचे लोक.

मागे दुमडणाऱ्या पायांचा गुरुत्वमध्यावर परिणाम होतो. सहा किलोच्या मॉडेलमध्ये ४०० ग्रॅमचे पाय आणि चाकं मिळून सरासरी १२ सेंटिमीटर मागे सरकली, तर गुरुत्वमध्य ८ मिलिमीटर मागे जातो. जमिनीवर पाय खाली ठेवून तोल साधलात आणि तो आधीच मागच्या मर्यादेवर होता, तर टेकऑफनंतर पाय उचलल्याबरोबर विमान बावचळतं. अशा विमानाचा तोल पाय वर असतानाच बघायचा.

चालवायला हवा की वीज? हवेच्या पद्धतीत छोटी टाकी, व्हॉल्व्ह आणि नळ्या असतात, कुठेतरी गळतंच. तीच घ्यायची तर हवेने वर आणि स्प्रिंगने खाली येणारी घ्या, म्हणजे हवा संपली तरी पाय खाली येतो. विजेच्या युनिटमध्ये छोटी मोटर आटे पाडलेला दांडा फिरवते, आणि टोकाला पोचल्यावर करंट वाढला की सर्किट मोटर बंद करतं. सोय मोठी, पण चाक खाचेच्या कडेला जरा घासलं तरी सर्किटला वाटतं टोक आलं, आणि पाय अर्ध्यावर थांबतो. चाकाभोवती किमान तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. खाच करण्यासाठी स्पार मात्र कापू नका. चाक मावत नसेल तर चाकच अरुंद करा. खाचेवरची दारं सगळ्यात शेवटी. पहिल्या काही उड्डाणांत ती लावूच नयेत.

मैदानावर जाण्याआधी

आसेवर चाक रोखणाऱ्या कॉलरचा स्क्रू गोल तारेवर टिकत नाही. तिथे कानशीने छोटा सपाट भाग काढा आणि थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावा. चाक बोटाने फिरवल्यावर काही फेऱ्या सहज फिरलं पाहिजे. शेपटीचं चाक रडरला थेट तारेने जोडू नका, मध्ये स्प्रिंग घाला. नाहीतर प्रत्येक दगडाचा हिसका सर्व्होच्या (रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दातांवर जातो. नाकाच्या चाकाला १०-१५ अंशांहून जास्त वळण देऊ नका.

मग चाचणी. सेकंदाला एक मीटर वेग म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर उंचीवरून सोडणं. पूर्ण वजनाचं विमान, बॅटरी आत घालून, जाड सतरंजीवर नव्हे तर साध्या फरशीवर, पाच सेंटिमीटरवरून सपाट सोडा. पाय दबून परत आले, काहीही करकरलं नाही, चाकांमधलं अंतर मोजल्यावर तेवढंच भरलं, तर साडेअकरा सेंटिमीटरवरून सोडा. तो सेकंदाला दीड मीटरचा वेग. दुसऱ्या वेळी अंतर काही मिलिमीटरने वाढलं, तर तार बारीक आहे किंवा मऊ आहे. अंतर तेवढंच, पण फळीच्या कडेला इपॉक्सीत पांढरी रेघ दिसली, तर पाय ताठ आहे आणि धक्का धडात चाललाय. पहिल्यात तार जाड करायची. दुसऱ्यात फळी अजून मजबूत करण्याचा मोह होतो, पण तिथे तार बारीक किंवा पाय लांब करायला हवा.